गेम बॉयच्या गेमचं परीक्षण कसं लिहायचं: नवख्यांसाठी

"ग्राफिक्स भारी, गेमप्ले मस्त, स्टोरी ठीकठाक. १० पैकी ८."

एवढं वाचून हा कोणता गेम आहे ते ओळखून दाखवा. नाही ओळखता येणार. हीच ओळ मारिओला चालते, कार रेसिंगला चालते, क्रिकेटच्या गेमलाही चालते. कशावरही चिकटवता येणाऱ्या ओळीला मत म्हणायला माझी तयारी नाही.

हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या गेमवर लिहायला शिकायचं असेल, तर सुरुवात निन्टेंडोच्या जुन्या गेम बॉयपासून करा. आजच्या मोठ्या गेममध्ये शेकडो लोकांचं काम एकमेकांत मिसळलेलं असतं. कंटाळा आला तर तो कशाने आला, हे नवख्याला पटकन कळत नाही. गेम बॉयवर सगळं उघडं आहे. दोन बटणं, चार छटा, छोटासा पडदा. बनवणाऱ्याने कुठे डोकं लावलं आणि कुठे हात टेकले, ते दिसतंच. शिवाय यातले बरेच गेम एका रविवारी पुरे होतात, त्यामुळे "शेवटपर्यंत खेळलो नाही, पण..." असं लिहायची वेळ येत नाही.

पायरी १: आधी यंत्र ओळखा

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ ला आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत पोचला. निन्टेंडोतले गुनपेई योकोई आणि त्यांच्या विभागाचं हे काम. योकोईंचा आग्रह असा की, नवंकोरं महागडं तंत्रज्ञान घेण्यापेक्षा जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्रज्ञान नव्या पद्धतीने वापरावं. म्हणून पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, हिरवट पिवळा, त्यावर चार छटा. मागून उजेड नाही. चार पेन्सिल सेल घातले की पंधरा तासांच्या वर सहज चालायचा.

त्याच काळात अटारी लिंक्स आला, १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला. दोघांचे पडदे रंगीत आणि उजळ. दोघांनाही सहा-सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत गार व्हायचे. बाजारात टिकला गेम बॉय. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले.

परीक्षण लिहिणाऱ्याला हा इतिहास एवढ्याचसाठी माहीत हवा, की "रंग नाहीत" ही तक्रार गेमच्या नावावर टाकायची नाही. रंग नसणं हा यंत्र बनवणाऱ्याचा निर्णय होता आणि त्यातून गाडीत, पलंगावर, शाळेच्या सहलीला दिवसभर खेळता येऊ लागलं. गेमचा हिशोब त्यापुढे सुरू होतो. जे मिळालं, त्यात त्याने काय केलं?

मेट्रॉइड २ (१९९१) मध्ये नायिका सामुसचा चिलखती पोशाख मध्येच बदलतो. आधीच्या गेममध्ये हा बदल रंगाने कळायचा. इथे रंगच नाही. मग बनवणाऱ्यांनी नव्या पोशाखाला मोठे गोल खांदे दिले. पुढे रंगीत कन्सोल आले तरी ते खांदे तसेच राहिले, आज सामुस म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतात. मर्यादेतून निघालेली अशी युक्ती दिसली की वहीत लिहून ठेवा. परीक्षणाचा एक अख्खा परिच्छेद त्यावर उभा राहतो.

पायरी २: कशावर खेळलात ते ठरवा आणि सांगा

मूळ गेम बॉय मिळाला तर उत्तम, पण तो सोपा नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बहुतेक घरांत पोचला तो ब्रिक गेम. "९९९९ इन १" असं छापलेला, आत तेच ते ठोकळे. खरा गेम बॉय परदेशातून कुणी आणला तर किंवा आयात मालाच्या दुकानात. आजही जुना संच शोधायचा तर ओळखीपाळखी आणि ऑनलाइन विक्रेते एवढाच रस्ता आहे.

दुसरे पर्याय बरेच आहेत. गेम बॉय ॲडव्हान्स (२००१) आणि त्याची घडी होणारी एसपी आवृत्ती (२००३) जुन्या कॅसेट चालवतात. एसपीला पडद्यावर उजेडही आहे. निन्टेंडो डीएस मात्र गेम बॉयच्या कॅसेट घेत नाही, विक्रेता काहीही सांगो. स्विचच्या ऑनलाइन वर्गणीत फेब्रुवारी २०२३ पासून गेम बॉयचे निवडक गेम आहेत. ॲनालॉग पॉकेट हे २०२१ चं यंत्र मूळ कॅसेट चालवतं आणि त्याचा पडदा १६०० बाय १४४० आहे, म्हणजे आडवा आणि उभा दोन्हीकडे मूळच्या बरोबर दहा पट. चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं.

आणि इथेच जपायचं. मूळ पडद्यावर हलत्या वस्तूमागे पुसट शेपूट उमटते. सुपर मारिओ लँड (१९८९) मध्ये जोरात पळा, जमिनीच्या ठोकळ्यांच्या कडा विरघळतात. त्या गेमची पार्श्वभूमी बरीचशी रिकामी आहे. नव्या स्वच्छ पडद्यावर ती ओकीबोकी वाटते, जुन्या पडद्यावर मात्र त्याच रिकामेपणामुळे छोटासा मारिओ नजरेतून सुटत नाही. नव्या यंत्रावर खेळून "पार्श्वभूमीवर मेहनत घेतलेली नाही" असं लिहिणारे खूप सापडतील.

स्विचवर आणखी एक गोष्ट होते. तिथे गेम मागे फिरवता येतो आणि कुठेही थांबून सेव्ह करता येतो. ती सोय वापरून खेळलात, तर गेम सोपा की अवघड यावर तुम्हाला बोलता येणार नाही. वापरायला हरकत नाही, पण परीक्षणात एका ओळीत सांगून टाका. कुठलं यंत्र, कुठली आवृत्ती, मागे फिरवलं की नाही. वाचणारा त्यानुसार तुमचं मत तोलून घेतो.

कॅसेट विकत घेत असाल तर नकली मालापासून सावध. विशेषतः पोकेमॉन. लेबलचं छापकाम फिकट किंवा भडक असेल, कॅसेट हलकी लागत असेल, किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर सोडून द्या. नकली कॅसेटमध्ये सेव्ह टिकेलच असं नाही. अस्सल कॅसेटमध्येही सेव्ह टिकवायला आत एक बटण सेल असतो आणि इतक्या वर्षांनी तो संपलेला असू शकतो. तो डाग देऊन बसवलेला असतो, घड्याळाच्या सेलसारखा चिमट्याने काढून बदलता येत नाही. सोल्डरिंग येणाऱ्याकडून बदलून घ्या, आणि सेल काढला की जुना सेव्ह जातो हेही लक्षात ठेवा.

पायरी ३: खेळताना वही जवळ ठेवा

पहिल्या खेपेला काहीच टिपू नका, नुसतं खेळा. कंटाळा आला, राग आला, बस थांबली तरी उतरावंसं वाटलं नाही, तर ते आपोआप लक्षात राहतं. दुसऱ्या खेपेपासून वही. गुण देण्याचे मुद्दे लिहीत बसू नका, घडलेल्या गोष्टी लिहा. "उडी जड वाटली" यापेक्षा "तिसऱ्या लेव्हलला दोन फळ्यांमधल्या खड्ड्यात चार वेळा पडलो, दर वेळी बटण वेळेवर दाबलं होतं" ही नोंद शंभर पट कामाची.

नजर कुठे ठेवायची? माझ्या मते चार ठिकाणी. चारही ठिकाणांचं वजन सारखं नाही.

पहिलं, बटणं. ए आणि बी, बाकी स्टार्ट आणि सिलेक्ट. आर्केडवरच्या मॉर्टल कॉम्बॅटला पाच बटणं होती. गेम बॉयवर आणताना ती दोनावर बसवायची होती. १९९३ ची ती आवृत्ती खेळून बघा. बटण दाबल्यावर पात्र हलेपर्यंत जीव जातो. जे यंत्रावर मावत नव्हतं ते कोंबून बसवलं की काय होतं, याचा तो नमुना आहे.

दोन बटणांचं दुसरं टोक म्हणजे झेल्डा मालिकेतला लिंक्स अवेकनिंग (१९९३). यात तलवार, ढाल, उडीचं पीस, धावायचे बूट, धनुष्य, बॉम्ब, ताकदीचं कडं, सगळं काही दोनच बटणांवर आलटून पालटून लावावं लागतं. अगदी तलवारसुद्धा काढून ठेवता येते. परिणाम असा की दर थोड्या वेळाने स्टार्ट दाबून यादी उघडा, वस्तू बदला, पुढे चला, पुन्हा उघडा. कडं लावलेलं नसताना जड दगडाला नुसता धक्का लागला तरी खेळ थांबतो आणि हे उचलायला जड आहे असा मजकूर पुढ्यात येतो. दर वेळी. तोच मजकूर. दगडांच्या गर्दीतून वाट काढताना हे इतक्या वेळा होतं की नवा खेळाडू वैतागून कन्सोल बाजूला ठेवेल.

पण त्याच पद्धतीत गंमतही आहे. पीस आणि बूट एकत्र लावले की धावत जाऊन लांब उडी मारता येते. बॉम्ब आणि धनुष्य एकाच वेळी दाबले की बाणाला बॉम्ब लागतो. गेम हे ओरडून सांगत नाही, तुम्हीच करून बघायचं. दोन बटणांची अडचण आणि दोन बटणांची मजा एकाच मुळातून आलेली आहे, आणि परीक्षणात दोन्ही यायला हवं. नुसती यादीची कटकट लिहिली तर अर्धवट, नुसती मजा लिहिली तर भाबडं. २०१९ मध्ये स्विचवर हा गेम नव्याने आला तेव्हा तलवार-ढालीला स्वतःची बटणं मिळाली आणि यादी उघडणं खूप कमी झालं. दोन्ही खेळलात तर तुलनेला याहून चांगला मसाला मिळणार नाही.

दुसरं, पडदा. त्यावर किती दिसतं? मेट्रॉइड २ मध्ये सामुस पडद्याच्या मानाने बरीच मोठी काढली आहे. छान दिसते, पण आजूबाजूचं फारसं दिसत नाही. त्यात नकाशा नाही आणि गुहांच्या भिंती एकसारख्या. मी कुठून आले आणि कुठे जायचंय, याचा पत्ता लागत नाही. कोपऱ्यातला आकडा सांगतो की ३९ मेट्रॉइड (गेममधले परग्रही प्राणी) मारायचेत, ते कुठे आहेत ते मात्र सांगत नाही. भीती वाढवायला हे हरवलेपण उपयोगी पडतं असं काहीजण म्हणतात. मला अर्धं पटतं. पहिला तासभर अंगावर काटा येतो, पुढे नुसताच चकवा लागतो.

लिंक्स अवेकनिंगने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. अख्खं बेट चौकटीचौकटींत कापलं, सोळा आडव्या आणि सोळा उभ्या. एका वेळी एकच चौकट दिसते, कडेला गेलं की पुढची सरकून येते. त्यामुळे प्रत्येक चौकटीला चेहरा आहे. "जंगलात रॅकून भेटला होता ती" असं म्हणून जागा लक्षात राहते.

टेट्रिसमध्ये पडद्याचा हिशोब तर थेट मोजता येतो. ठोकळे ८ पिक्सेलचे, पडदा १४४ उंच, म्हणून खड्डा अठरा ओळींचा. आपल्या ब्रिक गेममध्ये वीस असायच्या. दोन ओळी कमी म्हणजे चूक सावरायला जागा कमी. हे तुम्ही खेळताना बोटांनी जाणवून घेतलं आणि मग मोजलं, तर तुमचं परीक्षण दहाजणांत उठून दिसेल.

तिसरं, थांबणं. हातातल्या कन्सोलचा गेम कधीही थांबवावा लागतो. स्टेशन येतं, आई हाक मारते, सेल संपतात. पडद्याच्या डाव्या बाजूचा लाल दिवा मंद झाला की काही मिनिटंच हातात असतात. म्हणून प्रत्येक गेमला विचारायचा प्रश्न: मी आत्ता बंद केलं तर माझं किती जाईल? पोकेमॉन रेड आणि ब्लूमध्ये लढाई सोडली तर जवळपास कुठेही उभ्या उभ्या सेव्ह होतं. टेट्रिसमध्ये काहीच सेव्ह होत नाही, अगदी सर्वोच्च स्कोअरसुद्धा. बंद केलं की पाटी कोरी. इतक्या गाजलेल्या गेममधला हा सरळ दोष आहे आणि तो लिहायला घाबरू नका. सुपर मारिओ लँडमध्येही सेव्ह नाही, पण तो गेम सराव असला तर तासाभराच्या आत संपतो, त्यामुळे तिथे ते फारसं बोचत नाही.

चौथं, आवाज. यावर फार वेळ घालवू नका, पण एकदा हेडफोन लावून खेळा. स्पीकर एकच आहे, हेडफोनमध्ये मात्र डावा-उजवा वेगळा येतो. यंत्रात आवाजाचे चारच मार्ग असल्यामुळे उडीचा किंवा गोळीचा आवाज आला की संगीतातला एखादा सूर क्षणभर गळतो. टेट्रिसची ती प्रसिद्ध धून, जी रशियन लोकगीतावरून घेतली आहे, हेडफोनमध्ये ऐकली की एवढ्याशा डबीतून काय काढलंय ते कळतं.

पायरी ४: दोष कुणाचा, ते ठरवा

इथे नवखे सगळ्यात जास्त घसरतात. काही खटकलं की तीन शक्यता असतात: यंत्राची मर्यादा, बनवणाऱ्याचा निर्णय, किंवा निव्वळ निष्काळजीपणा. तिन्हींवर एकाच सुरात टीका करायची नाही.

हे वेगळं करायची सोपी युक्ती म्हणजे त्याच यंत्रावरचा, त्याच मालिकेतला दुसरा गेम शेजारी ठेवणं. कोनामीचा कॅसलव्हेनिया: द ॲडव्हेंचर (१९८९) घ्या. नायक इतका हळू चालतो की शत्रू दिसल्यावर मागे सरायला वेळ मिळत नाही. मालिकेत ठरलेली दुय्यम शस्त्रं इथे नाहीत. चाबूक दोनदा सुधारता येतो, शेवटच्या पायरीला त्यातून आगीचा गोळा सुटतो. पण एक फटका खाल्ला की चाबूक एक पायरी खाली. म्हणजे ज्याला आधीच कठीण जातंय, त्याचंच हत्यार गेम काढून घेतो.

"गेम बॉयला एवढंच झेपत होतं" असं कुणी म्हणालं, तर १९९१ चा बेलमाँट्स रिव्हेंज दाखवा. तेच यंत्र, तीच कंपनी. चाल सुधारली, दुय्यम शस्त्रं परत आली, चाबूक उठसूट कमजोर होईनासा झाला, पासवर्डही मिळाला, आणि सुरुवातीचे चार किल्ले कुठल्याही क्रमाने खेळायची मुभा दिली. पहिल्या गेमचा मंदपणा यंत्राने लादलेला नव्हता, हे यावरून सिद्ध होतं. असा पुरावा हातात असला की टीका कितीही कडक करा, कुणी तिला मत्सर म्हणणार नाही.

यंत्राची खरी मर्यादा कशी दिसते? एका आडव्या ओळीत गेम बॉय हलत्या चित्रांचे दहाच तुकडे दाखवू शकतो आणि प्रत्येक तुकडा ८ पिक्सेल रुंद. पात्रं मोठी काढली आणि शत्रूंची गर्दी झाली की काही तुकडे लुकलुकतात. लुकलुक दिसली म्हणून लगेच गेमला झोडू नका. पण ऐन कठीण उडीच्या जागी तीन मोठे शत्रू एकाच ओळीत ठेवून लुकलुक ओढवून घेतली असेल, तर तो मांडणीचा दोष, आणि तो बिनधास्त लिहा.

निष्काळजीपणाला पोकेमॉनच्या पहिल्या पिढीसारखं दुसरं उदाहरण नाही. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला रेड आणि ग्रीन आले, अमेरिकेत १९९८ ला रेड आणि ब्लू. भुताच्या प्रकारचे हल्ले सायकिक प्रकाराला लागायला हवे होते. गेममधले लोक तसं सांगतातही. प्रत्यक्षात परिणाम शून्य. जबर फटका (क्रिटिकल हिट) बसण्याची शक्यता वाढवायला असलेली फोकस एनर्जी ही चाल उलट ती शक्यता घटवते. पिशवीत वीसच वस्तू मावतात. पकडलेले प्राणी ठेवायची पेटी भरली की स्वतः जाऊन दुसरी निवडावी लागते, नाहीतर पुढचा पकडता येत नाही.

आणि इतकं सगळं असूनही हा गेम जग जिंकून गेला, ते लिंक केबलमुळे. दोन आवृत्त्या, प्रत्येकीत काही प्राणी नाहीतच. १५१ ची यादी भरायची तर मित्राला भेटणं भाग. दोन गेम बॉय वायरने जोडले, अदलाबदल झाली, आणि काही प्राणी तर हातातून दुसऱ्या हातात गेल्याशिवाय वाढतच नाहीत. एकट्याने खेळून या गेमवर लिहिलं तर निम्मा गेम बघितलाच नाही असं होईल. खोट भरपूर, कल्पना अफाट. परीक्षणात दोन्ही बाजू सारख्या मापाने भरायची गरज नाही, तुम्हाला कुठली जड वाटली ते सांगा.

पायरी ५: लांबीवरून भांडू नका, किंमत मात्र विसरू नका

किर्बीज ड्रीम लँड (१९९२) अर्ध्या-पाऊण तासात संपतो. पाच टप्पे, त्यातल्या शेवटच्यात आधीचे मोठे शत्रू पुन्हा. किर्बीची शत्रूला गिळून त्याची ताकद घेण्याची ओळखीची करामत इथे नाही, ती पुढच्या वर्षी घरच्या कन्सोलवरच्या गेममध्ये आली. आज वर्गणीत फुकटात मिळालेला हा गेम "छोटा पण गोड" वाटतो. तेव्हा ज्या मुलाने वर्षभर पैसे साठवून एकच कॅसेट घेतली, त्याला दुपारी संपलेला गेम काय वाटला असेल, तेही डोक्यात असू द्या. गेम बनवणारे मासाहिरो साकुराई यांनी तो मुद्दाम नवख्यांसाठी सोपा ठेवला होता, आणि शीर्षकाच्या पडद्यावर वरचा बाण, ए आणि सिलेक्ट एकदम दाबलं की जास्त अवघड खेळ उघडतो. हे न बघता "फारच सोपा" म्हणणं बरोबर नाही.

जाता जाता: किर्बी गुलाबी आहे हे सगळ्या जगाला माहीत, पण या गेमच्या अमेरिकन खोक्यावर तो पांढराफटक छापला होता. पडद्यावर रंगच नसल्यावर विकणाऱ्यांना तरी कसं कळणार.

पायरी ६: लिहायला बसा

गोष्ट सांगून सुरुवात करू नका. राजकन्या पळवली, नायक निघाला, हे खोक्यावरही छापलेलं असतं. तुमच्या वहीतली सगळ्यात ठळक नोंद उचला आणि तिथून घुसा. कॅसलव्हेनियावर असं काहीसं:

"पहिल्या टप्प्यात मला दोन मेणबत्त्यांमधून चाबकाची आग मिळाली आणि वाटलं, आता जमेल. पुढच्याच शत्रूने फटका दिला, आग गेली. त्यापुढच्याने दिला, चाबूक आखूड झाला. आता शत्रू तेच, पण मला त्यांच्या अंगाला भिडून मारावं लागत होतं, आणि हा गडी पाय उचलत नाही. गेम कठीण असण्याचं मला काही वाटत नाही. पडलेल्याला आणखी पाडणं मात्र मला कठीणपणा वाटत नाही, तो खडूसपणा आहे."

यात "गेमप्ले" हा शब्द नाही. काय घडलं, कशाने घडलं आणि लिहिणाऱ्याला ते का पटलं नाही, हे तीन-चार वाक्यांत आलं. वाचणारा सहमत नसेल तरी कशावर असहमत व्हायचं हे त्याला कळतं.

इंग्रजी शब्दांचं काय करायचं, असं नवखे विचारतात. लेव्हल, सेव्ह, स्कोअर, बटण, कॅसेट हे आपण बोलतोच, तसेच लिहा. ओढूनताणून "क्रीडासंचिका" वगैरे लिहिलंत तर खेळणारे वाचणार नाहीत. उलट प्रत्येक वाक्यात "इमर्सिव्ह" आणि "नॉस्टॅल्जिक" टाकलंत तर काय म्हणायचंय ते कुणालाच कळणार नाही. नॉस्टॅल्जियाचं म्हणाल तर तो शक्यतो बाहेर ठेवा. लहानपणी आवडलेला गेम आज तिसऱ्या लेव्हलला कंटाळवाणा झाला असेल, तर तसंच लिहा.

शेवट सांगायचा की नाही? तीस वर्षं जुन्या गेमचा शेवट सांगितला तर गुन्हा होत नाही, पण लिंक्स अवेकनिंगचा मी तरी सांगणार नाही. सांगायचाच असेल तर आधी एका ओळीत इशारा द्या.

पायरी ७: आकडा द्यायचा असेल तर शेवटी द्या

जपानच्या फामित्सू मासिकात चारजण प्रत्येकी दहापैकी गुण देतात, बेरीज चाळीस. ही पद्धत मला आवडते ती एवढ्यासाठी, की चौघांचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. एकाने ९ आणि एकाने ५ दिले असतील तर गेममध्ये काहीतरी वादाचं आहे हे लगेच कळतं. उलट २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिकवर सगळ्यांची सरासरी निघते आणि वाद त्या सरासरीत बुडून जातो. गेमला ७५ किंवा त्याहून जास्त मिळाले की हिरवं, खाली पिवळं, ५० च्या खाली लाल. झटपट बघायला ठीक आहे. तुमचं मत ठरवायच्या आधी मात्र ते पान उघडू नका, डोक्यात आकडा एकदा बसला की निघत नाही.

जुनी मासिकं चाळायला मिळाली तर छापणारा कोण ते आधी बघा. निन्टेंडो पॉवर हे १९८८ पासूनचं लोकप्रिय मासिक निन्टेंडोचंच होतं. नकाशे आणि युक्त्यांसाठी ते उत्तम आहे, पण कॅसेट विकणाराच तिच्याबद्दल मत देतोय हे विसरून चालणार नाही. तुम्हालाही उद्या कुणी फुकट कॅसेट किंवा कन्सोल दिला, तर परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात ते सांगा.

पहिलं परीक्षण किर्बीवर लिहा. एका बैठकीत संपतो, सोपा खेळ आणि अवघड खेळ दोन्ही बघून होतात, पाचशे शब्द आरामात निघतात. दुसरं सुपर मारिओ लँड २ (१९९२) वर. त्यात सेव्ह आहे, पात्रं मोठी आहेत, मारिओचा प्रतिस्पर्धी वारिओ पहिल्यांदा येतो, आणि भांडायला झकास मुद्दा आहे: अख्खा गेम हलकाफुलका आणि शेवटचा किल्ला मात्र लांबलचक, मध्ये कुठेही विसावा नसलेला. तिथे सगळे जीव संपले की जमवलेली सहाही सोन्याची नाणी जातात आणि मोठे शत्रू पुन्हा मारत बसावे लागतात. हे योग्य की अयोग्य, यावर दोन मित्रांचं एकमत होणं कठीण. तिसरं कॅसलव्हेनियाची जोडी. पोकेमॉनला एवढ्यात हात लावू नका, त्याला वेळ लागतो आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला खेळणारा कुणीतरी लागतो.